दैवतांची सोयरीक आणि सारखेपणा



ग्रीकांच्या देवांची ओळख आपल्याकडे करून द्यावयाची झाली, की सांगणारा बहुधा पहिल्याच वाक्यात म्हणतो, 'झ्यूस म्हणजे त्यांचा इंद्र.' ऐकणाऱ्याचे समाधान होते. हातात वज्र, देवांवर राज्य, उंच पर्वतावर दरबार आणि परस्त्रीच्या बाबतीत अगदीच डळमळीत वर्तन. एवढी लक्षणे जुळल्यावर आणखी काय पाहिजे? परंतु हेच वाक्य भाषाशास्त्रज्ञापुढे उच्चारले, तर तो मान हलवील आणि म्हणेल, 'नाही, झ्यूस म्हणजे तुमचा द्यौस.' आता पंचाईत अशी, की द्यौस हा आपल्या फारसा ओळखीचा नाही. ऋग्वेदात त्याला पिता म्हटले आहे, पृथ्वीच्या जोडीने त्याची स्तुतीही आहे. पण त्याचे असे स्वतंत्र सूक्त एकही नाही. आपल्यापैकी कोणाच्या देव्हाऱ्यात तो नाही आणि कोणाच्या नवसाला तो पावल्याचे आम्ही ऐकलेले नाही. म्हणजे नाव पाहावे तर झ्यूस हा द्यौस ठरतो आणि पराक्रम पाहावा तर इंद्र ठरतो. यांतले खरे कोणते?

आजचा आमचा विषय या लहानशा पंचाइतीतूनच निघालेला आहे. दोन समाजांच्या देवकथा सारख्या दिसतात. त्या सारखेपणाचा अर्थ काय लावावा? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. ज्याला त्याला आपल्या देवाविषयी जिव्हाळा असतो आणि म्हणून या प्रश्नाच्या उत्तरात फार लवकर अभिमान शिरतो. एक जण म्हणतो, 'सारे आमच्याकडून गेले.' दुसरा म्हणतो, 'सारे तुम्ही आमच्याकडून घेतले.' दोघेही निकाल आधी ठरवून मग पुरावा शोधावयास निघालेले असतात.

अशी तुलना करण्याची हौस मात्र फार जुनी आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकात हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इजिप्तमध्ये हिंडला आणि तेथील प्राचीन देवळे पाहून इतका भारावला, की ग्रीकांच्या बहुतेक देवांची नावे इजिप्तमधूनच आली असे त्याने लिहून ठेवले. त्याचे हे मत आज टिकत नाही. पण आपल्या देवांचे मूळ परक्या देशात आहे असे एका ग्रीकाने निःसंकोच लिहावे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास सेल्युकसचा वकील मेगॅस्थिनीस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आला. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. परंतु नंतरच्या लेखकांनी त्यातून घेतलेले उतारे शिल्लक आहेत. त्यांत असे म्हटले आहे, की शूरसेन लोक हेराक्लीसला फार मानतात आणि त्यांचे मोठे नगर 'मेथोरा' आहे. मेथोरा म्हणजे मथुरा, हे सांगावयास नकोच. मेगॅस्थिनीसने ऐकलेला हा 'हेराक्लीस' बहुधा आपला कृष्ण असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. परक्या गावी गेलेला माणूस ज्याप्रमाणे तेथल्या प्रत्येक चेहऱ्यात गावाकडच्या कोणाची तरी ठेवण शोधतो, तसाच हा प्रकार होता.

दुसरीही एक रीत त्या काळी होती. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे एक दगडी स्तंभ उभा आहे. भोवतालचे लोक त्याला 'खांबबाबा' म्हणत आणि शेंदूर लावून पुजीत. १८७७ मध्ये कनिंगहॅम यांनी तो पाहिला. परंतु शेंदराच्या थरांखालचा लेख त्यांना दिसला नाही. तो १९०९ मध्ये उजेडात आला. लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. तक्षशिलेचा राहणारा, दिओनचा मुलगा हेलिओडोरस, जो अंतलिकित नावाच्या यवन राजाचा वकील म्हणून भागभद्र राजाकडे आला होता, त्याने देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे तो लेख सांगतो. काळ इ. स. पूर्व दुसरे शतक. १९१३ ते १९१५ या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी त्या जागी उत्खनन केले. हेलिओडोरस स्वतःला 'भागवत' म्हणवितो. आपल्या सह्याद्रीतही अशी उदाहरणे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनी दान दिले आणि नाशिकचे एक लेणे उत्तरेकडील दत्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने खोदविले. परक्याच्या देवाला आपल्या देवाचे नाव देणे ही एक रीत. परक्या देवाला त्याच्याच नावाने हात जोडणे, ही दुसरी.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. कलकत्त्यास न्यायाधीश म्हणून आलेल्या सर विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये ग्रीस, इटली आणि हिंदुस्थान यांच्या देवांवर एक निबंध लिहिला. माणूस अलौकिक बुद्धीचा. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळापासून निघालेल्या असाव्यात, हा विचार त्यांनीच १७८६ मध्ये जगापुढे ठामपणे मांडला. पण देवांच्या बाबतीत त्यांची उडी चुकली. रोमनांचा जानुस हा दारांचा आणि आरंभाचा देव, गणपतीचेही स्मरण कार्यारंभी होते, म्हणून दोघे एक, असे त्यांनी धरले. वस्तुतः जानुसला तोंडे दोन आणि गणपतीला सोंड एक, याखेरीज त्या जोडीत मोजण्यासारखे काही नाही.

मॅक्स म्युल्लर यांनी १८५६ मध्ये 'तुलनात्मक दैवतकथाशास्त्रा'वर निबंध लिहिला आणि या विषयाला युरोपात मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. द्यौस-पितर, झ्यूस-पातेर आणि रोमनांचा जुपितेर ही एकच हाक आहे, हे त्यांनी लोकांच्या मनावर बिंबविले. मात्र पुढे त्यांना जेथे तेथे सूर्य आणि उषाच दिसू लागली. नायिका पळाली की ती उषा, नायक तिच्यामागे धावला की तो सूर्य. तेव्हा १८७० मध्ये लिटलडेल नावाच्या एका धर्मोपदेशकाने त्यांच्याच पद्धतीने असे सिद्ध करून दाखविले, की मॅक्स म्युल्लर नावाचा माणूस मुळी झालाच नाही. तीही एक सूर्यकथाच आहे! विनोद म्हणून हा लेख बहारीचा आहे; पण त्याचा बोध गंभीर आहे. जी पद्धत काहीही सिद्ध करू शकते, ती काहीच सिद्ध करीत नाही.

याच सुमारास तुलनेचा वाद आपल्या दारापर्यंत आला. जर्मन पंडित वेबर यांनी १८७० मध्ये असे प्रतिपादन केले, की सीतेचे हरण आणि लंकेचा वेढा या कल्पना होमरच्या हेलनहरणावरून आणि ट्रॉयच्या वेढ्यावरून घेतल्या असाव्यात. राज्य इंग्रजांचे, विद्या युरोपची आणि वेबर हे संस्कृतचे मान्यवर अधिकारी. अशा वेळी १८७३ मध्ये मुंबईच्या काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनी 'रामायण होमरवरून घेतले काय?' या प्रश्नावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहून उत्तर दिले. तेलंगांचे वय तेव्हा अवघे तेविशीच्या आसपास. त्यांनी रागावून उत्तर देणे सोपे होते. होमरनेच वाल्मीकीची चोरी केली असे म्हटले असते, तर टाळ्याही पडल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. वेबरांचा प्रत्येक पुरावा त्यांनी हाती घेऊन तपासला आणि तो एवढा भार पेलू शकत नाही हे दाखविले. दोन कथांत बायको पळविली जाते, एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. कारण बायका पळविण्याचा आणि त्यापायी लढाया होण्याचा मक्ता कोणा एका देशाकडे नव्हता. आमच्या मते या विषयात शिकण्यासारखे सर्वांत मोठे असे काही असेल, तर तो हा तेलंगांचा संयम होय.

तर मग सारखेपणाचा न्याय कसा करावा? सारखेपणाची कारणे मुख्यतः तीन असतात: नाते, देवघेव आणि माणसाची सर्वत्र सारखी असलेली स्थिती. यांपैकी प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो. लग्न जमविताना आपण जशी गोत्राची, गावाची आणि स्वभावाची चौकशी वेगवेगळी करतो, तशीच येथेही केली पाहिजे.

नाते सिद्ध होते ते भाषेवरून. संस्कृतात 'अस्ति', ग्रीकमध्ये 'एस्ति'; 'दश' आणि 'देका'; 'पितृ' आणि 'पातेर'. हे शब्द नुसते कानाला सारखे लागत नाहीत. त्यांतील वर्णांचे फरकही ठरलेल्या नियमांनी होतात. त्या नियमांत द्यौस आणि झ्यूस चपखल बसतात. उषा आणि ग्रीकांची एऑस याही सख्ख्या बहिणी ठरतात. परंतु वरुण आणि ग्रीकांचा आकाशदेव उरानोस ही जोडी, जी एके काळी पुष्कळांनी खरी मानली, त्या नियमांत बसत नाही आणि आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ती स्वीकारीत नाहीत. कानाला गोड लागणे हा पुरावा नव्हे.

देवघेव सिद्ध व्हावयाची तर कथेचा सांगाडा जुळावा लागतो आणि जाण्यायेण्याची वाट दाखवावी लागते. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास हेसिओड या कवीने देवांची वंशावळ सांगितली. तिच्यात क्रोनोस हा आपला बाप उरानोस याचे पौरुष विळ्याने छेदून राज्य घेतो. मग आपलीही मुले आपल्यावर उलटतील या भीतीने तो त्यांना गिळत सुटतो. शेवटी आई झ्यूसच्या जागी कापडात गुंडाळलेला धोंडा देते आणि वाचलेला झ्यूस बापाला पदच्युत करतो. डेल्फीच्या देवळाजवळ हाच तो धोंडा म्हणून एक शिळा दाखवीत आणि तिला रोज तेल घालीत, असे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसानियस लिहितो. ही कथा ग्रीकांचीच खास मानली जाई. पण तुर्कस्तानात बोगाझकोय येथे १९०६ पासून झालेल्या उत्खननात हित्ती राजांचे दप्तर मातीच्या विटांवर लिहिलेले सापडले आणि त्यात कुमार्बी नावाच्या देवाची कथा निघाली. हा कुमार्बी आकाशदेव अनू याचे पौरुष दातांनी तोडून राज्य घेतो आणि पुढे वादळाचा देव त्यालाही पदच्युत करतो. हेसिओडच्या आधी निदान पाचशे वर्षांपूर्वीचा हा लेख. वाटही स्पष्ट आहे: आशिया मायनरच्या किनाऱ्यावर ग्रीकांची वस्ती होती आणि ज्या फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ग्रीकांनी लिपी घेतली, त्यांच्या बंदरांपर्यंत या कथा पोचलेल्या होत्या. त्याच बोगाझकोयच्या दप्तरात इ. स. पूर्व चौदाव्या शतकातला एक तह आहे. मितन्नीच्या राजाबरोबरच्या त्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या आपल्या ओळखीच्या देवांना साक्षीला बोलाविले आहे.

तेव्हा आरंभीच्या पंचाइतीचे उत्तर आता देता येते. झ्यूसचे नाव घरचे आहे, वडिलार्जित आहे. त्याच्या राज्यारोहणाची कथा शेजारची आहे. त्याचे वज्र हे वादळाला भिणाऱ्या आणि पावसाची वाट पाहणाऱ्या सर्वच समाजांच्या देवांच्या हाती कमीअधिक फरकाने दिसते. एकाच देवात तिन्ही कारणे नांदतात. 'झ्यूस म्हणजे इंद्र' हे म्हणूनच खोटे नाही, अपुरे आहे.

तिसऱ्या कारणाचे एक उदाहरण आणखी देतो. ग्रीकांच्या मते मेलेल्या माणसाला नदी ओलांडून पलीकडे जावे लागते आणि खारोन नावाचा म्हातारा नावाडी उतार घेऊन त्याला नेतो. म्हणून प्रेताच्या तोंडात एक लहान नाणे ठेवीत. आपल्याकडेही वैतरणी आहे आणि आपण तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवतो. येथे नावे जुळत नाहीत आणि एकाने दुसऱ्याकडून घेतल्याची वाट दाखविता येत नाही. पण नदीकाठी वसलेल्या आणि काठावर उभे राहून जाणाऱ्याकडे पाहिलेल्या माणसाला मरण हे पैलतीरासारखे वाटले, तर त्यात नवल ते काय?

येथवर सारखेपणा झाला. पण आमचे खरे म्हणणे याच्या पुढे आहे. सारखेपणा सापडला की आपण थांबतो. वस्तुतः तेथूनच पाहावयास आरंभ केला पाहिजे. कारण समाजाचे मन कळते ते फरकातून. खारोनला द्यावयाचे ते भाडे आहे. वैतरणी तरून जाण्यासाठी पुराणाने सांगितले ते गोदान. जी गाय दान दिली, तिचे शेपूट धरून माणूस पार होतो. एकीकडे व्यवहार चोख करून निघणे आहे, दुसरीकडे देऊन टाकलेलेच उपयोगी पडणे आहे. नदी तीच, पण ती ओलांडणाऱ्याची शिदोरी वेगळी.

अग्नीची कथा पाहा. ऋग्वेदात मातरिश्वा हा दूरवरून, स्वर्गातून अग्नी आणतो आणि भृगूंना देतो. ग्रीकांचा प्रोमिथ्यूसही स्वर्गातून अग्नी आणतो. कृती एक. परंतु हेसिओडची कथा असे सांगते, की मेकोनी येथे देव आणि माणसे यांच्यात बैलाची वाटणी चालली असता प्रोमिथ्यूसने हाडे चकचकीत चरबीत गुंडाळून झ्यूसपुढे ठेवली आणि मांस माणसांसाठी राखले; झ्यूस चिडला, त्याने अग्नी लपविला; प्रोमिथ्यूसने तो पोकळ देठातून चोरून आणला; आणि त्यापायी तो जखडला जाऊन गरुड रोज त्याचे काळीज खाऊ लागला. वेदात यांतले काहीच नाही. तेथे अग्नी चोरीचा माल नाही. तो घरी आलेला पाहुणा आहे आणि देव व माणसे यांच्यामध्ये निरोप नेणारा दूत आहे. ग्रीक माणूस यज्ञ करताना जुना तंटा आठवीत होता. वैदिक माणूस अतिथीचे स्वागत करीत होता.

मात्र एवढ्यावरून 'ग्रीक बंडखोर आणि आपण श्रद्धाळू' असा सोपा निकाल कोणी घरी नेऊ नये. ग्रीकांच्या घरात चूल हीच देवता होती. झ्यूसच्या डोडोना येथील ओक वृक्षापाशी लोक आपण कौल लावतो तसा कौल घेण्यास जात. उलट आपल्याही परंपरेत गरुड इंद्राशी लढून अमृत हिरावून आणतो. फरक दोन समाजांमध्ये असतात तसे एकाच समाजाच्या पोटातही असतात आणि हे विसरणारी तुलना पुन्हा अभिमानाच्याच खड्ड्यात पडते.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ग्रीकांच्या देवकथा आपण आज गोष्टींच्या पुस्तकातून वाचतो आणि त्यांचा धर्म म्हणजे तेवढ्या गोष्टीच, असे समजतो. पण तेथे देवळे होती, व्रते होती, एल्युसिसची गुप्त दीक्षा होती; आजारी पोरासाठी देवाच्या पायरीवर रात्र काढणारी आईबापे होती. आणि तेथेही शंका घेणारे होते. झेनोफानीसने इ. स. पूर्व सहाव्या शतकात म्हटले, की प्रत्येक लोक आपल्या रूपाचा देव कल्पितात आणि बैलाघोड्यांना हात असते, तर त्यांनीही आपल्यासारखेच देव रंगविले असते. इ. स. ३९१ आणि ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने मूर्तिपूजेविरुद्ध फर्माने काढली आणि हळूहळू ती देवळे ओस पडली. आपल्या देवांविषयी कोणी वावगे बोलले, तर उत्तर द्यावयास आपण आहोत. झ्यूसच्या बाजूने बोलावयास पिढीजात पुजारी उरलेला नाही. ज्याचे प्राचीन भक्त आज हयात नाहीत, त्याच्याविषयी बोलताना अधिक जपून बोलावे, एवढे सौजन्य आपल्या अंगी असले पाहिजे. आपल्या देवांची थट्टा परक्याने केली असता आपल्याला काय वाटते, हे आपण दीडदोनशे वर्षे अनुभवलेले आहे.

हिरोडोटसने एक प्रसंग सांगितला आहे. इराणचा राजा दारयवहु याने दरबारातील ग्रीकांना विचारले, 'काय घेतल्यास तुम्ही आपल्या मृत बापाचे मांस खाल?' ते म्हणाले, 'कितीही दिले तरी नाही.' मग त्याने कल्लातिए नावाच्या हिंदी लोकांना बोलाविले, ज्यांच्यात तशी चाल असल्याचे हिरोडोटस सांगतो, आणि विचारले, 'काय घेतल्यास बापाला जाळाल?' ते ओरडलेच, की असे अभद्र बोलू नका. कल्लातिए कोण होते आणि त्यांची चाल खरोखर काय होती, हा प्रश्न निराळा. लक्षात घ्यावयाचे ते हे, की किळस दोघांना सारखी आली आणि तिच्यामागची पितृभक्तीही सारखीच होती. बाहेरून अगदी विरुद्ध दिसणाऱ्या दोन चालींत आतून एकच भावना असू शकते. आणि बाहेरून एकच दिसणाऱ्या दोन कथांत, प्रोमिथ्यूसच्या आणि मातरिश्व्याच्या कथांत आपण पाहिले तसे, दोन निराळी मने असू शकतात.

बेसनगरचा स्तंभ उभारताना हेलिओडोरसला 'वासुदेव म्हणजे आमचा अमुक देव' असे लिहिता आले असते. त्याने तसे लिहिले नाही. त्याने बापाचे नाव ग्रीक ठेवले, स्वतःचे ग्रीक ठेवले आणि देवाचे नाव देवाचेच राहू दिले. दैवतांची सोयरीक जुळविण्याचा मोह आपल्याला होईल तेव्हा भाषाशास्त्रज्ञाला गोत्र विचारावे, इतिहासकाराला वाट विचारावी आणि दोघांचे उत्तर येईपर्यंत या परदेशी वकिलाचा शिष्टाचार पाळावा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.